स्टॉल किती, हा प्रश्नच चुकीचा आहे

अमेरिकेतल्या बऱ्याच ड्रॅग स्ट्रिप्सवर आठवड्यातली एखादी रात्र सगळ्यांना मोकळी असते. 'टेस्ट अँड ट्यून' म्हणतात त्याला. गेटवर पैसे भरायचे, हेल्मेट डोक्यावर चढवायचं आणि आपली गाडी सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जीव खाऊन पळवायची. पलीकडे गेलं की हातात एक चिठ्ठी मिळते. किती सेकंद लागले आणि शेवटाला वेग किती होता, हे त्यावर छापलेलं. बक्षीस वगैरे काही नाही. तरी ह्या चिठ्ठीसाठी लोक वर्षभर गॅरेजात हात काळे करतात.

रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांची बॉनेटं उघडी असतात आणि लोक एकमेकांना ठरलेले दोन प्रश्न विचारतात. इंजिन कुठलं? आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर, स्टॉल किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार ऐटीत दिलं जातं. "तीन हजार." "पस्तीसशे." ऐकणारा मान डोलावतो, जणू काही त्याला काहीतरी कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला काहीही कळलेलं नसतं. शिवाय कमी पैशात गाडी उभी करणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे ह्या एका आकड्यापायी पाण्यात जातात. पाण्यात म्हणजे, खरं तर, तेलात.

आता आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हटलं की 'ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला आराम' एवढंच डोळ्यासमोर येतं. ड्रॅग स्ट्रिपवर ऑटोमॅटिक कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. कारण सोपं आहे. चांगला टॉर्क कन्व्हर्टर सुटताना इंजिनच्या टॉर्कचे जवळजवळ दुप्पट करून देतो, आणि दर वेळी तसंच देतो. क्लच पेडलवर माणसाचा पाय असतो. त्या पायाला झोप झालेली नसते, शेजारच्या लेनमधल्या मस्टँगची धास्ती असते.

कन्व्हर्टर समजावताना सगळे दोन पंख्यांचं उदाहरण देतात. एक पंखा चालू, समोर दुसरा बंद, हवेच्या झोताने दुसराही फिरायला लागतो. उदाहरण छान आहे पण अर्धवट आहे. ते फ्लुइड कपलिंगचं उदाहरण झालं, आणि फ्लुइड कपलिंग टॉर्क वाढवत नाही, फक्त पोचवतं. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलवर्षात आणलेल्या हायड्रामॅटिकमध्ये असंच कपलिंग होतं. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंप आणि गिअरबॉक्सला जोडलेली टर्बाइन ह्यांच्यामध्ये तिसरा गडी असतो, स्टेटर. टर्बाइनमधून बाहेर पडणारं तेल पंपाच्या उलट दिशेने वळलेलं असतं; ते तसंच परत गेलं तर पंपाला अडवेल. स्टेटर त्याची दिशा फिरवून त्याला पंपाच्या मदतीला पाठवतो. टर्बाइन थांबलेली असताना ही मदत सगळ्यात जास्त असते. वेग वाढत जातो तशी कमी होते, आणि टर्बाइन पंपाच्या साधारण ८५-९० टक्के वेगाला पोचली की स्टेटर आपल्या वन-वे क्लचवर मोकळा फिरायला लागतो. तिथून पुढे कन्व्हर्टर म्हणजे निव्वळ कपलिंग.

ही कल्पना हेरमान फ्योटिंगर ह्या जर्मन इंजिनिअरची. १९०५ चं पेटंट, आणि तेही जहाजांसाठी: वाफेची टर्बाइन फार वेगात फिरते, प्रोपेलरला सावकाश फिरायचं असतं, मध्ये काय घालायचं हा त्याचा प्रश्न होता. अमेरिकन मोटारीत कन्व्हर्टर आला तो १९४८ मध्ये, ब्यूकच्या डायनाफ्लोमधून.

असो. इतिहास पुरे, स्टॉलकडे येऊ.

गाडी जागेवर धरून ठेवली, टर्बाइन फिरूच दिली नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन वाढत वाढत एका आरपीएमला अडकतं. इंजिन जेवढा टॉर्क देतंय तेवढाच कन्व्हर्टर गिळतोय, असा तो बिंदू. हा स्टॉल. आता ह्या व्याख्येतच गोम आहे बघा. 'इंजिन जेवढा टॉर्क देतंय'. कुठलं इंजिन? डब्यावर ३००० छापणाऱ्याने ते कुठल्या इंजिनामागे लावून मोजलं होतं? हे म्हणजे आमच्या क्षेत्रात एखाद्याने सांगावं की माझी क्वेरी दोन सेकंदांत चालते, आणि मशीन कुठलं ते सांगूच नये.

कन्व्हर्टरचा स्वतःचा, कोणावर अवलंबून नसलेला आकडा वेगळाच आहे. त्याला के-फॅक्टर म्हणतात. हिशोब आठवीतल्या गणिताचा आहे: इंजिनच्या टॉर्कचं (फूट-पौंडांत) वर्गमूळ काढा, के ने गुणा, आला स्टॉल. के १४१ असलेला कन्व्हर्टर ४५० फूट-पौंडांच्या मोठ्या इंजिनामागे लावला तर स्टॉल जवळपास ३०००. तोच कन्व्हर्टर २८० फूट-पौंडांच्या इंजिनामागे लावला तर २३६०. वस्तू तीच, डबा तोच, साडेसहाशे आरपीएमचा फरक. विकणारा खोटं बोलला का? नाही. त्याने फक्त विचारलं नाही.

के कशाने बदलतो? पात्यांच्या कोनाने, स्टेटरने, पण सगळ्यात जास्त व्यासाने. कन्व्हर्टर गिळतो तो टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात जातो. पाचव्या! त्यामुळे १२ इंचाच्या जागी तशाच घडणीचा १० इंची लावला तर स्टॉल १.५८ पट होतो; १८०० चे २८४०. सत्तरच्या दशकातल्या पोरांनी हे गणित न करताच ओळखलं होतं. शेव्हरले व्हेगा नावाची २.३ लिटरची चार सिलिंडरची छोटी गाडी होती. इंजिन अशक्त, म्हणून कन्व्हर्टर लहान. भंगारातल्या व्हेगाचा कन्व्हर्टर काढून मोठ्या व्ही-एटच्या मागे लावायचा, की झाला गरिबाचा हाय स्टॉल. तो कन्व्हर्टर व्हेगामध्ये हाय स्टॉल नव्हता. व्ही-एटच्या मागे गेल्यावर झाला.

गाव बदललं तरी स्टॉल बदलतो. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ बँडिमियर स्पीडवे नावाची प्रसिद्ध स्ट्रिप होती, २०२३ मध्ये बंद झाली. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५८०० फूट. एवढ्या उंचीवर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्क १७-१८ टक्क्यांनी पडतो. म्हणजे खाली ३००० ला स्टॉल होणारी गाडी तिथे सत्तावीसशेच्या आसपास. गाडीला कोणी हातही लावलेला नसताना.

तर हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितोय? माझा एक मित्र आहे, मूळचा इचलकरंजीचा, आता ओहायोत कोलंबसला. त्याच्याकडे १९७४ ची शेव्हरले नोव्हा आहे. आत ३५० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक, मागे टीएच-३५० म्हणजे तीन गिअरचा ऑटोमॅटिक, त्याच्याही मागे ३.७३ चा ॲक्सल आणि २६ इंची टायर. ड्रायव्हरसकट वजन ३४५० पौंड. गाडी ट्रेलरवर न्यायची नाही, चालवत न्यायची आणि चालवतच घरी आणायची, असा त्याचा नियम आहे. त्याच्या बायकोचा नियम असा आहे की ह्या डबड्यावर वर्षाला हजार डॉलरच्या वर एक छदाम खर्च होणार नाही. घराच्या डाउन पेमेंटचे पैसे साठवणं चालू आहे. दोन्ही नियम मला रास्त वाटतात.

पहिल्या वर्षी कंपनीचाच कॅम आणि कंपनीचाच १२ इंची कन्व्हर्टर असताना त्याची चिठ्ठी होती १४.२ सेकंद, ९८ मैल. मग स्ट्रिपवरच्या जाणत्यांनी सल्ला दिला, आणि तो नव्वद टक्के लोक देतात तसाच होता. मोठा कॅम टाक, इनटेक बदल, सातशे तिथे जातील. उरलेल्या तीनशेत तीन हजार स्टॉलचा तयार कन्व्हर्टर मिळतो. मी फोनवर म्हटलं, "अरे, उलटं कर. कॅम राहू दे, सगळे पैसे कन्व्हर्टरमध्ये घाल." तो म्हणाला, "डब्यावर तीन हजार लिहिलंय की रे! अजून काय पाहिजे?"

दुसऱ्या वर्षीची चिठ्ठी: १३.९५ सेकंद, १०३ मैल. खूश होता. मी नव्हतो, कारण ती चिठ्ठी नीट वाचली तर फार वेगळं काही सांगत होती.

पाव मैलाच्या शेवटचा वेग प्रामुख्याने ताकद आणि वजन ह्यांवर ठरतो. सुटताना गडबड झाली तरी तो फारसा बिघडत नाही. वेळ मात्र सुटण्यावर फार अवलंबून असते. स्ट्रिपवाल्यांची दोन जुनी सूत्रं आहेत. वजनाला हॉर्सपॉवरने भागून घनमूळ काढा आणि ५.८२५ ने गुणा, की सेकंद येतात. हॉर्सपॉवरला वजनाने भागून घनमूळ काढा आणि २३४ ने गुणा, की मैल येतात. दोन्हींचा गुणाकार केला तर वजन आणि ताकद उडून जातात आणि उरतं १३६३. म्हणजे १३६३ ला आपल्या शेवटच्या वेगाने भागलं की जी वेळ येते, ती तुमची गाडी नीट सुटली असती तर लागली असती. सूत्रं ढोबळ आहेत, पण चिठ्ठीवरच्या दोन आकड्यांतून गाडीचा आजार कळायला पुरेशी आहेत.

नोव्हाला लावून पाहू. पहिल्या वर्षी ९८ मैल, म्हणजे १३.९ लागायला हवे होते, लागले १४.२. तीन दशांश सेकंद वाया. टायर साधे, माणूस नवा, ठीक आहे. दुसऱ्या वर्षी १०३ मैल, म्हणजे १३.२३ लागायला हवे होते, लागले १३.९५. सात दशांशांहून जास्त वाया! कॅमने सुमारे ४० हॉर्सपॉवर वाढवले होते, त्याने आपलं काम चोख केलं होतं. सातशे डॉलरच्या त्या ताकदीतला बराचसा फायदा गाडी जागेवरून हलेपर्यंतच संपत होता.

का ते आता तुम्हीही सांगू शकाल. मोठा कॅम वरचा टॉर्क वाढवतो, पण त्याची किंमत खालच्या टॉर्कमधून वसूल करतो. अडीच हजारच्या खाली इंजिन आधीपेक्षा मरगळलं. टॉर्क कमी, म्हणून वर्गमूळ कमी, म्हणून स्टॉल कमी. डब्यावरचा ३००० त्याच्या गाडीत २४०० च्या आतबाहेर येत होता. आणि २४०० ला ह्या नव्या कॅमचं इंजिन अजून आळोखेपिळोखे देत असतं. म्हणजे दुखणं एकाने दुसऱ्याला दिलेलं: कॅममुळे स्टॉल पडला, स्टॉल पडल्यामुळे कॅमला चढायला वेळ लागला. मोठा कॅम आणि नुसता नावाचा हाय स्टॉल ही कमी बजेटच्या गाड्यांतली सगळ्यात जास्त दिसणारी जोडी आहे. आवाज दणदणीत येतो, सिग्नलला गाडी थरथरते, आणि हिरवा दिवा लागला की शेजारची नवी फॅमिली सेदान पुढे निघून जाते.

मग निवडायचा कसा? मला वाटतं क्रम महत्त्वाचा आहे. कन्व्हर्टर ठरवायचा सगळ्यात शेवटी, पण त्याचे पैसे बाजूला काढायचे सगळ्यात आधी. ठरवायचा शेवटी, कारण तो इंजिन, वजन, ॲक्सल आणि टायर ह्या सगळ्यांचं उत्तर आहे. प्रश्न पूर्ण झाल्याशिवाय उत्तर कसं देणार? आणि पैसे आधी, कारण शेवटाला आलेल्या वस्तूला नेहमी उरलेसुरले पैसेच मिळतात.

दुकानदार ओळखायची माझी कसोटी एकच आहे. तुम्ही काही बोलायच्या आत तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो? ड्रायव्हरसकट वजन किती, कॅमचं ड्युरेशन किती, कॉम्प्रेशन किती, ॲक्सल कुठला, टायरची उंची किती, नायट्रस लावणार का, आठवड्यात रस्त्यावर किती चालवता. असे आठ-दहा प्रश्न आले तर माणूस कामाचा. "किती स्टॉल पाहिजे?" एवढंच विचारून कार्ड नंबर मागितला तर फोन ठेवून द्या. चांगले बिल्डर बऱ्याचदा एकदा उघडून स्टॉल बदलूनही देतात, काही फुकट, काही थोड्या पैशांत. शंभर डॉलर जास्त देऊन हे आश्वासन विकत घेण्यासारखं आहे, कारण पहिल्या फटक्यात बरोबर येईलच असं नाही.

मित्राच्या गाडीला काय हवं होतं? टॉर्कच्या शिखराच्या जरा अलीकडे स्टॉल यावा, म्हणजे सुटल्याबरोबर इंजिन आपल्या सगळ्यात भरलेल्या पट्ट्यात उभं राहतं. त्याच्या बाबतीत सुमारे ३२००. त्या आरपीएमला त्याचं इंजिन ३२५ फूट-पौंड देतं असं धरलं तर के हवा १७७. इथे सगळे एकच भीती घालतात: "रस्त्यावर चालवणार ना? मग बत्तीसशे कसा चालेल? तिथपर्यंत गाडी हलणारच नाही!" ही समजूत एवढी पसरलेली आहे की तीही त्याच सूत्राने मोडून काढतो. सिग्नलवरून सावकाश निघताना इंजिन देतं फार तर ८० फूट-पौंड. वर्गमूळ नऊ, गुणिले १७७, म्हणजे १६०० आरपीएम. गाडी सोळाशेच्या आतच चालायला लागते. ३२०० हा आकडा पाय पूर्ण दाबल्यावरचा आहे. हायवेवर ६५ मैलांना ३.७३ च्या ॲक्सलवर इंजिन ३१३० ला फिरतं आणि जेमतेम २५ हॉर्सपॉवर देत असतं, म्हणजे ४२ फूट-पौंड. एवढ्याशा ओझ्याला कन्व्हर्टर केव्हाच कपलिंग होऊन बसलेला असतो. (हायवेवर गोंगाट होतो तो ३.७३ आणि ओव्हरड्राइव्ह नसल्यामुळे. त्याचं खापर कन्व्हर्टरवर फोडू नये.)

टॉर्क किती पट करायचा हेही निवडता येतं, आणि इथे मात्र मी कंजूषपणाच्या बाजूने आहे. सुटताना सव्वादोन पट देणारा स्टेटर कागदावर भारी वाटतो, पण रस्त्याच्या साध्या रेडियल टायरला तो झेपत नाही. टायर जागेवर फिरतो, धूर होतो, मित्र मोबाईलवर शूटिंग करतात, वेळ वाढते. पावणेदोन-दोनच्या आसपासचा घ्यावा. असा स्टेटर साधारणपणे वरच्या वेगात कमी घसरतो. बिलेट कव्हर, फुगू नये म्हणून जाड पत्रा वगैरे चैनीच्या गोष्टी तीनशे हॉर्सपॉवरच्या, नायट्रस आणि ट्रान्सब्रेक नसलेल्या गाडीला लागत नाहीत. भट्टीत ब्रेझ करून पक्की केलेली पाती आणि वॉशरच्या जागी नीडल बेअरिंग ह्या दोन गोष्टींना मात्र पैसे मोजावेत.

आणि कूलर. ह्यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. आपल्याकडे घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की जो वास येतो तो सगळ्यांना माहीत आहे. कन्व्हर्टर म्हणजे तेलातला हाफ क्लच आहे. वास येत नाही म्हणून जळत नाही असं नव्हे. हायवेवर पाच टक्के घसरण धरली तरी २५ हॉर्सपॉवरपैकी सुमारे एक किलोवॉट उष्णता तेलात जाते, म्हणजे एक इस्त्री सतत चालू. हे चालून जातं. पण सुरुवातीच्या रेषेवर ब्रेक दाबून इंजिन २००० ला धरलं तर? के १५० च्या कन्व्हर्टरमध्ये तो १७८ फूट-पौंड टॉर्क होतो, म्हणजे पन्नास किलोवॉट. दोन किलोवॉटचे पंचवीस गीझर, आणि तापवायला आत चार-पाच लिटर तेल. दर सेकंदाला पाचेक अंश सेल्सियसने तापमान चढतं. म्हणून ब्रेकवर दहा सेकंद गाडी गुरगुरत ठेवणाऱ्या शौकिनांना बघून मला त्यांच्या गिअरबॉक्सची कीव येते. ट्रान्समिशन दुरुस्त करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे की ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. शंभर डॉलरचा कूलर ह्यापुढे स्वस्त आहे. तो रेडिएटरसमोर मोकळ्या हवेत लावायचा, इंजिनाच्या खोपच्यात नाही.

तिसऱ्या वर्षी मित्राने सगळे हजार इथेच घातले. आठशेचा, त्याच्या गाडीचे आकडे विचारून बनवलेला कन्व्हर्टर, शंभरचा कूलर, बाकी तेल, फिल्टर, गॅस्केट. इंजिनाला हात लावला नाही. चिठ्ठी आली १३.४ सेकंद, १०४ मैल. पहिल्या साठ फुटांना आधी २.२ सेकंद लागत होते, ते १.९५ वर आले. साठ फुटांत वाचलेला सेकंदाचा दशांश शेवटाला दीड-दोन दशांश होऊन परत येतो, तसंच झालं.

मला सगळ्यात आवडलेला आकडा मात्र चिठ्ठीवर नव्हता, टॅकोमीटरवर होता. शेवटची रेषा ओलांडताना आरपीएम किती ते बघायचं. वेग गुणिले ॲक्सल गुणिले ३३६ भागिले टायरची उंची, हा झाला न घसरता यायला हवा तो आरपीएम. दुसऱ्या वर्षी १०३ मैलांना यायला हवे होते ४९६५, काट्यावर होते ५५५०. साडेदहा टक्के घसरण. तिसऱ्या वर्षी १०४ मैलांना हवे होते ५०१३, काट्यावर ५३५०, सव्वासहा टक्के. म्हणजे ज्याचा स्टॉल कमी होता तो स्वस्तातला कन्व्हर्टर वर जास्त घसरत होता, आणि ज्याला 'रस्त्यावर चालणार नाही इतका सैल' म्हटलं जात होतं तो वर जास्त घट्ट. सैल-घट्ट हे स्टॉलवरून ठरत नाही, आतली पाती आणि स्टेटर किती विचार करून बनवलेत त्यावर ठरतं.

बसवताना एकच सांगतो, कारण नव्या कन्व्हर्टरचा आणि पंपाचा सत्यानाश बहुतेक वेळा इथेच होतो. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर सरकवताना तीन ठिकाणी बसावा लागतो: टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट, पंपाचे खाचे. फिरवत फिरवत ढकलायचा, तीन वेळा खट् असं आत जायला हवं. दोनदा झालं आणि 'बसला असेल' म्हणून बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, तर पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो. नीट बसल्यावर फ्लेक्सप्लेटपर्यंत कन्व्हर्टर पुढे ओढायला साधारण एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच जागा राहिली पाहिजे. मोजायची, अंदाज करायचा नाही.

१०४ मैलांना १३६३ च्या हिशोबाने १३.१ निघायला हवेत, अजून तीन दशांश कुठेतरी सांडताहेत. त्यातले बरेचसे मागच्या दोन टायरांत आहेत असा माझा अंदाज आहे, आणि टायर हे त्याच्या पुढच्या वर्षीच्या हजारांत बसतात. गेल्या रविवारी फोनवर म्हणत होता की स्ट्रिपवर कोणीतरी त्याला आणखी मोठा कॅम सुचवलाय. टायरांविषयी पुढच्या वीकेंडला लिहीन, तोवर त्याने तो कॅम ऑर्डर केला नाही म्हणजे मिळवली.